नऊ वर्षं उभी असलेली पद्मिनी घरीच जागी करायची असेल तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आजोबांची १९८६ ची प्रीमियर पद्मिनी नागपुरात प्रतापनगरच्या घरी पत्र्याच्या शेडखाली नऊ वर्षांपासून उभी आहे. बाबांचं म्हणणं, भंगारात द्या. ओळखीचा गॅरेजवाला म्हणतो, माझ्याकडे आणून टाका, चासीवरून बॉडी उचलून सगळं नवं करून देतो. तुम्हाला मात्र शनिवार-रविवारी घरच्या घरी, स्वतःच्या हातानं काम करायचंय, आणि सुरुवात रंगापासून करू का असं तुम्ही विचारलंय.

रंग सगळ्यात शेवटी. आणि त्या गॅरेजवाल्याला लांबूनच नमस्कार करा, कारण पद्मिनीला वेगळी चासी नसतेच. एकसंध बॉडीची गाडी आहे ती; पत्र्याची पेटी हाच तिचा सांगाडा. ज्याला एवढं ठाऊक नाही त्याच्या हाती कटर देऊ नये. आपल्याकडे ही गाडी १९६४ मध्ये फियाट ११०० डिलाइट म्हणून आली, १९७२ मध्ये प्रेसिडेंट झाली आणि १९७४ पासून पद्मिनी. बनायची मुंबईत कुर्ल्याला, सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये. इंजिन १०८९ सीसी, चार सिलिंडर, ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं. नावं बदलली तरी यंत्र बरंचसं तेच राहिलं, त्यामुळे वेगवेगळ्या सालच्या गाड्यांचे पुष्कळ भाग एकमेकींना चालतात. तुमच्यासाठी ही मोठी सोय आहे.

घरी काम करणाऱ्याला मी एकच नियम सांगतो. संध्याकाळी हात धुताना गाडी स्वतःच्या चार चाकांवर उभी पाहिजे आणि दोघांना ढकलता आली पाहिजे. हौशी माणूस पहिल्याच रविवारी जोशात सीट, डॅशबोर्ड, काचा, बंपर, दारं, सगळं उतरवतो. दिवाळीपर्यंत कोणता बोल्ट कुठला ते विसरतो. पुढच्या उन्हाळ्यात घरात कुणाचं तरी लग्न निघतं, अंगण मोकळं करावं लागतं, आणि सांगाडा टेम्पोत चढतो. गंजानं संपलेल्या फियाटपेक्षा अशा खोलून ठेवलेल्या फियाट मी भंगारात जास्त पाहिल्या आहेत. म्हणून एका वेळी एकच काम उघडायचं, ते मिटवायचं, मग दुसरं. उघडण्याआधी मोबाइलवर फोटो, आणि प्रत्येक कामाचे नट-बोल्ट वेगळ्या डब्यात, वर चिठ्ठी लावून.

अवजारांच्या आधी आरसी बुक काढा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण. ते थकलं असेल तर तपासणी, दंड आणि पर्यावरण कर असा हिशेब होतो. गाडी आजोबांच्या नावावर असून ते आता नसतील तर आधी फॉर्म ३१ भरून वारसाच्या नावावर करावी लागेल, नूतनीकरणाचा फॉर्म २५. तुमच्या गाडीचा नंबर १९८९ च्या आधीच्या पद्धतीचा, तीन अक्षरी असणार. असे जुने नंबर ‘वाहन’ ह्या सरकारी नोंदणी प्रणालीच्या संगणकात असतीलच असं नाही, नसेल तर आरटीओत जुन्या रजिस्टरवरून नोंद चढवून घ्यावी लागते. ते झाल्याशिवाय ना विमा निघतो ना एचएसआरपी (उच्च सुरक्षा नंबराची) पाटी मिळते. इंजिन नंबर आणि चासी नंबर यांवर कागद ठेवून पेन्सिलीनं घासून ठसा घ्या आणि आरसीशी ताडून बघा. बॉडीत कोरलेल्या त्या चासी नंबराच्या आसपास कुणालाही ग्राइंडर चालवू देऊ नका. आणि विंटेज नोंदणीच्या नादी लागू नका. २०२१ च्या नियमांप्रमाणे त्यासाठी गाडी पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांपेक्षा जुनी लागते, आणि तशी पाटी लागली की रोजच्या वापराला ती रस्त्यावर काढताच येत नाही. तुम्हाला गाडी चालवायची आहे ना?

आता पत्रा. गाडी ठेवायची की सोडायची हे इथंच ठरतं, इंजिनात नाही. इंजिन कितीही बिघडलं तरी लेथवाला ते सरळ करतो.

आतले मॅट आणि त्याखालचा नमदा उचलून बाहेर फेका. नऊ पावसाळ्यांचं पाणी त्या नमद्यानं धरून ठेवलेलं असतं आणि फ्लोअर वरून खाली सडतं, खालून वर नाही. मग एका चुंबकाला पातळ सुती कापड गुंडाळून पूर्ण बॉडीवरून फिरवा. जिथं ते धरत नाही तिथं रंगाखाली पत्रा नसून पुट्टी आहे. पेचकसाच्या मुठीनं ठोकत जा. निरोगी पत्रा खणखणतो, सडलेला भद्द वाजतो. बघायच्या जागा: ड्रायव्हरच्या पायाखाली, दाराखालची लांब पोकळ पेटी, मागचे पाटे जिथं बॉडीला लटकतात ते हँगर, डिकीचा तळ, दारांच्या खालच्या कडा, हेडलाइटच्या मागची वाटी आणि पुढच्या काचेच्या रबराखालची कड. शेवटची जागा सगळे विसरतात. तिथून आलेलं पाणी डॅशबोर्डमागून थेट पायाखाली उतरतं, आणि माणूस फ्लोअरला पुन्हा पुन्हा ठिगळ लावत बसतो.

एक परीक्षा नक्की करा. जॅक लावायच्या जागेवर जॅक लावून एका बाजूनं गाडी थोडीशी उचला आणि त्या बाजूचं पुढचं दार उघडून लावून पहा. सहज लागलं तर पेटीत जीव आहे. दार अडकायला लागलं, फट वरून उघडली आणि खालून मिटली, तर गाडी मधून वाकते आहे. दोन्ही बाजूंच्या पेट्या, हँगर आणि फ्लोअर असं सगळंच गेलेलं असेल तर मी बाबांच्या बाजूचा. एखादी जागा गेली असेल तर ते चार-दोन रविवारचं काम आहे, घाबरू नका.

वेल्डिंग स्वतः शिकायला ही गाडी वापरू नका. चांगला डेंटर सेट घेऊन घरी येतो, फक्त रोजाचं आधी बोलून घ्या आणि काम समोर करून घ्या. त्याला तीन गोष्टी ठणकावून सांगायच्या. सडलेल्या पत्र्यावर नवा पत्रा चढवायचा नाही. कापून चमकत्या लोखंडापर्यंत जायचं आणि तिथं नवा सीआर (कोल्ड रोल्ड) पत्रा जोडायचा, साधारण एक मिलिमीटर जाडीचा. दाराखालची पेटी कापण्याआधी दाराच्या चौकटीत लोखंडी अँगल टाचून घ्यायचा, नाहीतर गाडी वाकलेल्या अवस्थेतच जोडली जाते आणि मग दारं जन्मभर बसत नाहीत. आणि पेट्रोलची टाकी व बॅटरी गाडीच्या बाहेर, लांब. जवळ पाण्याची बादली आणि ओलं गोणपाट. डेंटर हसेल, हसू द्या.

जोड झाला की जस्ताचा प्रायमर, आणि पोकळ पेट्यांच्या आत मेणयुक्त गंजरोधक तेल नळीनं फवारायचं. पाणी निघायची भोकं तारेनं मोकळी करून ठेवा. खालून जाड काळं रबरी कोटिंग मारून देणारे पुष्कळ आहेत. नव्या, कोरड्या, प्रायमर लावलेल्या पत्र्यावर ते ठीक. गंजावर मारलं तर आत ओल कोंडते आणि तीन पावसाळ्यांनी कोटिंग तेवढं शाबूत राहतं.

इंजिनाला वळू. बॅटरी लावून चावी फिरवण्याचा मोह सगळ्यांना होतो, तो आवरा. चारही प्लग काढा, प्रत्येक भोकात चमचा-दोन चमचे पातळ तेल सोडा आणि तीन-चार दिवस विसरून जा. तोवर जुनं इंजिन ऑइल काढा, टाकीतलं पेट्रोल काढा. नऊ वर्षांचं पेट्रोल वॉर्निशसारखं वासतं. ते कुठल्याही इंजिनात घालायचं नाही. मग प्लग काढलेलेच ठेवून, गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून हळूच ढकला. इंजिन फिरलं तर छान. अडलं तर जोर लावू नका, पुन्हा तेल, पुन्हा वाट. धक्का मारून सोडवलेल्या इंजिनात रिंगा तुटलेल्या सापडतात.

मोकळं फिरायला लागलं की नवं तेल भरा. २०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५०, साधं मिनरल. महागडं पातळ सिंथेटिक ह्या इंजिनाच्या मोकळ्या फटींसाठी बनलेलंच नाही, जुन्या सीलमधून ते सगळीकडून पाझरेल. प्लग न लावता स्टार्टरनं फिरवून तेलाचा दाब वर चढू द्या. पहिल्यांदा सुरू करताना गाडीची टाकी वापरायची नाही. वेगळ्या बाटलीतून, नव्या पाइपनं, मध्ये फिल्टर घालून पेट्रोल द्या. टाकीतला गंज एकदा कार्बोरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकात, गेला की महिनाभर पाठ सोडत नाही.

सुरू होईना तर ठिणगी बघा. बहुतेक वेळा दोष डिस्ट्रिब्युटरच्या, म्हणजे चारही प्लगना पाळीनं वीज वाटणाऱ्या डब्याच्या, पॉइंटवर साचलेल्या थरात असतो. बारीक पॉलिश पेपरनं घासा, फीलर गेजनं (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) ०.४ ते ०.५ मिलिमीटरच्या मधे फट ठेवा. फायरिंगचा क्रम १-३-४-२. वायरी काढताना खुणा केल्या नसतील तर हा क्रम उपयोगी पडतो. नव्या कंडेन्सरपेक्षा जुना, चालू असलेला कंडेन्सर बरा, असं माझं मत आहे. बाजारातले नवे फार लवकर मरतात. पॉइंटचा कंटाळा येणाऱ्यानं डिस्ट्रिब्युटरच्या आत बसणारं इलेक्ट्रॉनिक किट लावलं तर मला आक्षेप नाही. बाहेरून काही दिसत नाही.

इंजिन गरम करून कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो ते, मोजा. गेज विकत न घेता कुणाकडून आणा. नुसत्या आकड्यापेक्षा चौघांतला फरक महत्त्वाचा. चारही एकमेकांच्या दहा टक्क्यांच्या आत असतील तर इंजिन उघडूच नका. एखादा कमी आला तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा झिजल्या, तेवढाच राहिला तर व्हॉल्व किंवा गॅस्केट. शेजारशेजारचे दोन कमी आले तर हेड गॅस्केट त्या दोघांच्या मधे गेलेलं असतं. इतकी माहिती हाती असली की कुणी तुम्हाला उगाच बोअरिंग-पिस्टनचं बिल लावू शकत नाही.

गाडी सुरू झाली म्हणजे चालवायला काढायची असं नाही. ब्रेक आधी. चारही चाकांना ड्रम आहेत. एवढी वर्षं उभ्या गाडीत शू ड्रमला चिकटलेले असतात. ॲडजस्टर सैल करून ड्रमच्या कडेनं लाकडी हातोड्यानं ठोकत फिरा, तरफ घालून ओढू नका, ड्रम फुटतो. आतली धूळ हवेनं उडवू नका. त्या काळच्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. ओल्या फडक्यानं पुसून फडकं पिशवीत बांधून टाका. व्हील सिलिंडर आणि मास्टर सिलिंडर यांच्या सगळ्या रबरी वाट्या नव्या, रबरी होजही नवे, बाहेरून चांगले दिसत असले तरी. होज आतून फुगतो आणि झडपेसारखा वागतो: ब्रेक लागतो पण सुटत नाही, आणि माणूस ड्रम उघडत बसतो. रबरी भागांना पेट्रोल-डिझेल लावायचं नाही, ब्रेक ऑइलनंच धुवायचे. हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात, म्हणजे मागचं डावं. तुमच्या मास्टर सिलिंडरमधून एकच लाइन बाहेर पडत असेल तर एक होज फुटला की चारही ब्रेक जातात, हे लक्षात ठेवून काम करा. डॉट ३ ब्रेक ऑइल हवेतली ओल पितं. दोन वर्षांनी बदलायचंच, गाडी चालो न चालो.

आणि आता आपल्या गावाचा विषय, ऊन. नागपूरच्या गॅरेजमध्ये मे महिन्यात एकच वाक्य ऐकू येतं: ‘गाडी गरम होऊन राहिली जी, थर्मोस्टॅट काढून टाकू?’ काढून टाकू नका. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी अडवून धरणारी झडप. रेडिएटर उष्णता टाकतो ती पाणी आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकाच्या जोरावर. पाणी ९० अंशांवर आणि बाहेर २५ असेल तर फरक ६५ चा. २३ मे २०१३ ला नागपुरात पारा ४७.९ वर गेला होता, तशा दिवशी फरक जेमतेम ४२ चा. म्हणजे त्याच रेडिएटरची ताकद एक तृतीयांशानं घटली. पुण्यात अर्धवट तुंबलेला रेडिएटर धकून जातो, इथं धकत नाही. थर्मोस्टॅट काढल्यानं तुंबलेली नळी मोकळी होत नाही. होतं एवढंच की डिसेंबर-जानेवारीत इंजिन धड तापत नाही, तेलात पाणी जमतं आणि झीज वाढते. शंका असेल तर थर्मोस्टॅट काढून पातेल्यात पाण्याबरोबर तापवा. पाणी उकळायच्या बऱ्याच आधी तो उघडायला हवा. नाही उघडला तर नवा घाला. पातेलं जुनं घ्या, नाहीतर घरात दुसरंच काही उकळेल.

रेडिएटर उतरवून कारागिराकडून रॉडिंग करून घ्या, म्हणजे वरची-खालची टाकी उघडून एकेका नळीतून सळई फिरवून घ्यायची. जुना पितळी-तांब्याचा गाभा असेल तर तोच दुरुस्त करा. ब्लॉकचा नळ उघडून उलट्या दिशेनं पाणी सोडा; जे लालसर गाळाचं पाणी निघेल ते बघून तुम्हाला सगळं कळेल. आपल्याकडे बोअरचं पाणी जड. ते वर्षानुवर्षं ओतल्यानं आत क्षार बसतात. पुढे डिस्टिल्ड पाणी आणि कूलंटच. हेड ॲल्युमिनियमचं, ब्लॉक बिडाचा. नुसत्या पाण्यात हे दोन धातू एकत्र असले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं आणि गॅस्केटच्या कडेला खड्डे पडतात. ते हेड एकदा तापून वाकलं की फेसिंगशिवाय, म्हणजे घासून सपाट केल्याशिवाय, इलाज नाही, आणि फेसिंग किती वेळा करणार? रेडिएटरची टोपीही तपासा. दाब धरणाऱ्या टोपीमुळेच पाणी शंभराच्या वर गेल्याशिवाय उकळत नाही. पट्टा सैल असेल तर पंखा नावापुरता. आणि टायमिंग मागे राहिलं असेल तरी गाडी तापते. रेडिएटरवर पैसे ओतण्याआधी टायमिंग लाइट लावून बघा.

दुसरा उन्हाळी आजार वेगळा असतो. वर्धा रोडनं गाडी झकास आली, सीताबर्डीवर दहा मिनिटं थांबवली, आता काही केल्या सुरू होत नाही. स्टार्टर फिरतो, पेट्रोल येत नाही. पेट्रोलमधले हलके घटक चाळीस अंशांच्या आसपासच उकळू लागतात. पंप इंजिनालाच बसवलेला, इंजिन बंद केलं की वारा थांबतो आणि पंप आणखी तापतो. आत वाफ धरली की पडदा वाफच दाबत बसतो. रस्त्यावरचा उपाय म्हणजे पंपावर ओलं फडकं आणि पाच मिनिटं धीर. कायमचा उपाय म्हणजे पंपाखालची इन्सुलेशनची पट्टी जागेवर असणं, पेट्रोलची नळी सायलेन्सरच्या मॅनिफोल्डपासून लांबून नेणं आणि मधे पत्र्याची आड लावणं. एवढ्यानं भागलं नाही तर टाकीजवळ इलेक्ट्रिक पंप बसवता येतो, पण कार्बोरेटरला सोसेल अशा कमी दाबाचाच. इंजेक्शन गाडीचा पंप लावणारे महाभाग आहेत. त्या दाबानं कार्बोरेटरमधली पेट्रोल अडवणारी फ्लोटची सुई हरते आणि गरम इंजिनावर पेट्रोल सांडतं.

हल्लीच्या पेट्रोलनं ह्यात भर घातली आहे. वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल ह्या गाडीनं तरुणपणी पाहिलेलं नाही. जुने रबरी पाइप आणि पंपाचा पडदा त्यात फुगतात, चिरतात. म्हणून पेट्रोलच्या वाटेतलं सगळं रबर इथेनॉल सोसणारं घ्या. पाइपवर तसं छापलेलं असतं. मिश्रण थोडं पातळ होतं, प्लग पांढरे पडायला लागले तर मुख्य जेट एक नंबर मोठा बसवा. मायलेज थोडं उतरेल, ते धरूनच चाला. इथेनॉल पाणी ओढतं, त्यामुळे महिनोन्‌महिने उभ्या गाडीत अर्धी टाकी पेट्रोल ठेवणं आता पूर्वीपेक्षा जास्त वाईट.

वायरिंगचं थोडक्यात. उंदरांनी काय खाल्लंय ते आधी बघा. बॅटरीच्या अर्थिंगचा जोड घासून स्वच्छ करा. अर्ध्या तक्रारी तिथंच संपतात. बॅटरीला कट-ऑफ स्विच लावा आणि रात्री गाडी ठेवताना बंद करा. हेडलाइटसाठी रिले टाका. एवढं पुरे.

सुट्या भागांची चिंता लोक उगाच करतात. उत्पादन २००० च्या सुमारास थांबलं, तरी मुंबईच्या टॅक्सींमुळे भाग बनत राहिले. शेवटची नोंदलेली पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. तेव्हापासून नव्या मालाचा ओघ आटतोय हे खरं, पण कुर्ल्याच्या भंगार बाजारात टॅक्सींचा माल अजून सापडतो. नागपुरात कॉटन मार्केट, घाट रोडकडच्या जुन्या दुकानदारांना ‘फियाटचं अमुक आहे का’ असं विचारलं की नाही म्हणतात. तसं विचारूच नका. बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो, तो सांगा. ऑइल सील असेल तर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी व्हर्नियरनं मोजून सांगा. तोच सील दुसऱ्या कुठल्या तरी यंत्राच्या नावानं दुकानात पडलेला असतो. बुश लेथवर बनवून मिळतात, हिंगणा एमआयडीसीच्या आसपास अशी कामं करणारे पुष्कळ. जुना भाग नवा हाती येईपर्यंत फेकायचा नाही. आणि क्रोमचे जुने बंपर, हँडल, ग्रिल कितीही मळके दिसले तरी घासून तेच लावा. नवे मिळतात ते पत्र्यानं हलके आणि मुलाम्यानं पातळ.

आता रंग. नागपुरात रंगाचा हंगाम दिवाळीनंतर ते फेब्रुवारी. मे महिन्यात थिनर हवेतच उडतो, रंग पत्र्यावर पोचेपर्यंत कोरडा होऊन खरखरीत बसतो आणि वरून लू धूळ आणून चिकटवते. पावसाळ्यात एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंगावर ओलीनं पांढुरकी झाक येते. घासणं, पुट्टी, प्रायमर, पुन्हा घासणं हे तुम्ही घरी करा. रंगाच्या कामातले बहुतेक कष्ट तेच आहेत आणि कारागिराच्या बिलात सगळ्यात जास्त वाचवता येतं ते इथंच. शेवटचा हात पीयू (पॉलियुरेथेन) रंगाचा असेल तर तो बूथमध्येच मारून घ्या. त्याच्या हार्डनरमधले आयसोसायनेट फुप्फुसाला घातक असतात. नाकाला रुमाल बांधून गच्चीवर हे काम करणारे पेंटर पाहिले की मला राहवत नाही. मूळ रंग बरा असेल तर मात्र रंगवूच नका. पॉलिश करा, उडालेले टवके भरा. आणि रंग बदलायचाच असेल तर आरसीत तशी नोंद करावी लागते, हे आधी लक्षात घ्या.

चालू झाल्यावरची निगा सोपी आहे, फक्त ती चुकवायची नाही. आठवड्यातून एकदा, पहाटे रस्ते रिकामे असताना, पंधरा-वीस किलोमीटर पळवा. कोराडीपर्यंत जाऊन आलात तरी चालेल. अंगणात पाच मिनिटं सुरू करून बंद करणं हे न करण्यापेक्षा वाईट. तेल तापत नाही, सायलेन्सरमध्ये पाणी साचतं आणि तो आतून गळतो. पुढच्या सस्पेन्शनला ग्रीसचे निपल आहेत, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर प्रत्येकाला नवं ग्रीस बाहेर येईपर्यंत पंप मारा. दर उन्हाळ्याच्या तोंडाशी होज, पट्टा, कूलंट बघा. कोराडी-खापरखेड्याच्या बाजूला गाडी उभी राहत असेल तर राखेचा थर कोरड्या फडक्यानं पुसू नका, रंगावर ओरखडे येतात. आधी पाण्यानं वाहू द्या. आणि एक खास इथली गोष्ट: तुमच्या शेडला लागून घराचा कूलर आहे का ते बघा. चार महिने त्याचं पाणी आणि ओलसर हवा गाडीच्या एका बाजूला लागत राहते. एकच बाजू सडलेल्या नागपूरच्या गाड्या मी ओळखू शकतो, त्यातल्या पुष्कळांच्या शेजारी कूलर असतो. गाडी फिरवून ठेवा किंवा कूलर हलवा. घरात कोणतं सोपं पडेल ते तुम्हालाच माहीत.

ह्या रविवारी एवढंच करा: आरसी शोधा, नमदा काढा, चुंबक फिरवा, प्लग काढून तेल सोडा. पुढच्या रविवारी जॅकची परीक्षा आणि इंजिन हातानं फिरतं का ते. ब्रेक उघडण्यापर्यंत पोचलात आणि कॉम्प्रेशनचे चार आकडे हाती आले की मला कळवा. कोरडे आणि तेल सोडून, दोन्ही प्रकारचे लिहून पाठवा, म्हणजे हेड उघडायचं की तसंच ठेवायचं ते सांगतो.